पोह्यांच्या डब्याला टेकून

आमच्या स्वयंपाकघरात सकाळी साडेसातला ऊन येतं आणि आठला निघून जातं. त्या अर्ध्या तासात मी खिडकीशी उभी; हातात माझाच कथासंग्रह, समोर पोह्यांच्या डब्याला टेकवलेला भाचीचा फोन. डबा निम्मा रिकामा, त्यामुळे फोन दोनदा कलंडला.

"अगं मावशी, 'नमस्कार मंडळी' नको ना! तेवढ्यात माणूस पुढे जातो." तांदळातला खडा उडवावा तसा तिनं अंगठा उडवून दाखवला.

पाचशे प्रतींची आवृत्ती, त्यातले बरेच गठ्ठे आमच्या दिवाणाखाली. म्हणून पुस्तकाचं रील करण्याचा हा खटाटोप.

२०२०च्या २९ जूनला आपल्याकडे टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैत इन्स्टाग्रामचे रील्स अवतरले, तेव्हा मर्यादा १५ सेकंदांची होती. माझं एक वाक्य तेवढ्यात आटपत नाही. आता वेळ पुष्कळ मिळतो, पण भाची म्हणते, तो वापरायचा नसतो. बसमध्ये, ऑफिसात लोक आवाज बंद करून बघतात, म्हणून शब्द पडद्यावर हवेत. तेही मधोमध, कारण खाली नाव आणि बाजूला बटणं येतात. ते शब्द फोननं आपणहून उमटवले. मी 'उंबरठा' म्हणाले, त्यानं लिहिलं 'उंबर था'. मराठी लेखिकेचं इतकं नेमकं भाषांतर कुणी केलं नव्हतं.

बापट, विंदा आणि पाडगावकर गावोगाव कविता वाचत हिंडले, तेव्हा माणसं घरून निघतानाच ऐकायच्या तयारीनं निघत. कीर्तनकारालाही पूर्वरंगाची सवड असते. माझी गत डोंबाऱ्याची. रस्त्यानं कुणीतरी दळण घेऊन चाललाय, कुणी पोराला शाळेतून आणतोय. दोरीवर चढण्याआधी ढोलकं वाजायला हवं. डोंबाऱ्याला मात्र याची लाज वाटत नाही. मला वाटत होती, आणि ती लाज म्हणजे साहित्यनिष्ठा आहे असा माझा समज होता.

मग वाचायचं काय? भाचीनं पेन्सिल घेतली आणि बाराही कथा चाळून अकरा वाक्यांखाली रेघा मारल्या. एकही रेघ कथेच्या पहिल्या पानावर नव्हती. तिची आवडती ओळ होती, 'सासऱ्यांच्या तेराव्याला तिनं पहिल्यांदा लिपस्टिक लावली.' ती तिसऱ्या पानावर. त्याआधी काय, तर पाऊस. कौलांवरचा, अंगणातला, मग आठवणीतला. दोन पानं पाऊस! छापून आल्यावर मीच तो कौतुकानं वाचला होता. संपादकांनीही हात लावला नव्हता, बहुधा भिडेखातर. फोनला भीड नसते.

ती एकच ओळ वाचली. नंतर काही न बोलता पुस्तक मिटलं, बस. चौदा प्रती गेल्या. एका बाईंनी विचारलं, रंग कोणता होता लिपस्टिकचा? कथेत रंग नाही. मलाही ठाऊक नव्हता. दोन दिवस मी त्याच विचारात होते.

मॅडलीन मिलर यांची 'द साँग ऑफ अकिलीस' ही कादंबरी २०११ची. दहा वर्षांनी ती पुन्हा धडाक्यानं खपू लागली, ती टिकटॉकवर ती वाचून रडणाऱ्या वाचकांमुळे. रडायला लेखिका गेली नव्हती. हे आठवलं की मला धीर येतो आणि थोडी असूयाही वाटते. लेखकानं स्वतःच्या पुस्तकावर रडायचं नसतं. त्यानं फार तर एखादं दार किलकिलं करून बाजूला व्हावं. पण बाजूला होण्यासाठीही सकाळी साडेसातला केस विंचरून उभं राहावं लागतंच.

काल नवी कथा लिहायला बसले. बाहेर पाऊस होता, खराखुरा. पहिलं वाक्य पावसाचं आलं आणि लगेच तो अंगठा दिसला. खोडलं. दुसरं लिहिलं, चटपटीत. तेही खोडलं, कारण त्याला ढोलक्याचा आवाज येत होता. मग खालच्या मजल्यावरच्या बाई ओल्या चादरी काढायला धावल्या, तेवढं लिहिलं. पाऊस चौथ्या वाक्यात ढकललाय.

भाचीला अजून दाखवलेलं नाही.