परांची उतरवताना

संगणकशास्त्र हा माझा विषय नव्हे. पण पाठचिकित्सा शिकवता शिकवता लिनक्स कर्नलमधील बदलांच्या नोंदी वाचण्याचा नाद मला लागला. अखंड चालणाऱ्या एका संपादनाची ती रोजनिशीच आहे.

त्यातले एक प्रकरण मला मोलाचे वाटते. संगणक सुरू होताना कर्नलला मेमरीच्या वाटपाची कायमची व्यवस्था उभारायची असते. पण ती उभारण्यासाठीच आधी मेमरी लागते. म्हणून सुरुवातीला एक तात्पुरती व्यवस्था काम पाहते आणि उरलेली मेमरी कायमच्या व्यवस्थेच्या स्वाधीन करून दूर होते. इमारत उभी राहीपर्यंत परांची असावी, तशी. १९९९पासून हे काम ‘बूटमेम’ करी. मेमरीच्या प्रत्येक पानासाठी एक बिट राखून पान मोकळे की घेतलेले, हे तो नोंदवी. पुढे ‘मेमब्लॉक’ आला. तो दोनच याद्या ठेवतो : असलेल्या मेमरीची आणि राखून ठेवलेल्या भागांची.

नवे आले म्हणून जुने लगेच गेले नाही. २०१०पासून कित्येक वर्षे दोन्ही एकत्र नांदले. मधल्या काळात जुन्या नावाने हाक मारली, तरी काही प्रोसेसरांवर काम नवा करी. एकेका प्रोसेसर-कुळाचा कोड नव्या रीतीवर आणला गेला आणि कोणीच अवलंबून उरले नाही, तेव्हा डिसेंबर २०१८च्या ४.२० या आवृत्तीत बूटमेम काढला गेला. का काढला, हे नोंदीत आहे. काढलेली प्रत्येक ओळही इतिहासात वाचता येते.

इथे मला ज्ञानेश्वरी आठवते. शके १५०६मध्ये एकनाथांनी तिची पाठशुद्धी केली. त्यांच्या निष्ठेविषयी शंका नाही. पण कोणता पाठ कशासाठी नाकारला, याची टिपणे आपल्यापर्यंत आलेली नाहीत. “मग मूळ ओवी कोणती?” या विद्यार्थ्यांच्या प्रश्नाला दरवर्षी माझ्याकडे अर्धेच उत्तर असते.

काढणे आणि पुसणे यांत अंतर आहे. संहिता सिद्ध करणाऱ्या एम.ए.च्या विद्यार्थ्यांकडून मी आता एकच आग्रहाने मागते : नाकारलेला पाठ लिहा आणि कारणही लिहा. पुढच्या वाचकाला तुमच्याशी मतभेद व्यक्त करण्याचा हक्क आहे. त्याचे साधन त्याच्या हाती राहू द्या.