मागचा आरसा

केस कापून घेणे हा लेखाचा विषय व्हावा असे मला आजवर कधी वाटले नव्हते. गेले दोन महिने मात्र तो मनातून जात नाही, आणि त्याला कारण केवळ बिघडलेले केस नाहीत.

साताऱ्यात आमच्या पेठेच्या वळणावर आबांचे दुकान होते. दोन खुर्च्या, समोरासमोर लावलेले आरसे, वापरून गुळगुळीत झालेला तुरटीचा खडा आणि खिळ्याला टांगलेली त्यांच्या वडिलांची चामडी धोकटी. अकरावीत असल्यापासून मी तेथे जात होतो. सुमारे तीस वर्षांत 'कसे कापू?' असे आबांनी मला एकदाही विचारले नाही. वडील गेले तेव्हा दहाव्याला संगम माहुलीच्या घाटावर माझे क्षौर त्यांनीच केले. ते आटोपल्यावर टोपी त्यांनीच माझ्या डोक्यावर ठेवली आणि मागून जराशी खाली ओढली. का, ते तेव्हा लक्षात आले नाही.

दिवाळीनंतर आबांनी दुकान बंद केले आणि ते नाशिकला मुलाकडे राहायला गेले. मी महिनाभर टाळाटाळ केली; शेवटी पत्नीच्या आग्रहावरून एका नव्या वातानुकूलित सलूनमध्ये जाऊन बसलो. तेथील तरुण अतिशय अदबशीर होता. त्याने विचारले, "सर, फेड करायचा का? लो, मिड, का हाय?"

मी मराठीचा प्राध्यापक. शैलीविचारावर दरवर्षी तासिका घेतो. पण स्वतःच्या केसांविषयी बोलायची वेळ आली तेव्हा माझ्या तोंडून निघाले ते एवढेच : "नेहमीसारखे. फार बारीक नको." नेहमीसारखे म्हणजे कोणाच्या नेहमीसारखे? उत्तरपत्रिकेत अशी वाक्ये सापडली की मी समासात 'मोघम' असा शेरा मारतो. त्या तरुणाने मात्र समजल्यासारखी मान हलवली, माझा चष्मा काढून बाजूला ठेवला आणि मशीन सुरू केले. चष्म्याशिवाय समोरच्या आरशात मला केवळ एक धूसर आकृती दिसत होती. चूक तेथेच झाली असावी. किंवा त्याआधीच.

काम संपल्यावर त्याने चष्मा दिला आणि डोक्यामागे हातातला आरसा धरला. दोन नंबरचे मशीन केस सुमारे सहा मिलिमीटर ठेवते. त्या सहा मिलिमीटरांतून मागच्या बाजूला करंगळीएवढा पांढरा व्रण स्वच्छ दिसत होता. सातव्या वर्षी वाड्याच्या पायऱ्यांवरून पडलो होतो, तेव्हाच्या टाक्यांचा. तो तेथे आहे हे मी जवळजवळ विसरून गेलो होतो. मला विसरता यावे म्हणून कोणीतरी तीस वर्षे तेवढ्या जागेवरचे केस बोटभर लांब राखत होते, हे त्या आरशात कळले. घाटावरची टोपीही तेव्हाच कळली.

"कसं वाटतंय, सर?"

"छान," मी म्हणालो. साडेतीनशे रुपये दिले, वर पन्नास ठेवले.

हे 'छान' मला अजून छळते. नवोदितांच्या पहिल्यावहिल्या संग्रहांवर लिहिताना अनुभवाच्या कच्चेपणावर बोट ठेवायला मी कधी कचरलो नाही. त्या मुलाला मात्र मी काहीच सांगितले नाही. सांगितले असते तर पुढच्या गिऱ्हाईकाच्या वेळी मशीन लावण्याआधी त्याने डोके एकदा बोटांनी चाचपून पाहिले असते. माझ्या शिष्टाचाराने त्याला काय मिळाले? पन्नास रुपये.

पुढच्याच आठवड्यात वर्गात संत सेना न्हावी शिकवायचे होते. आरशाला विवेक आणि चिमट्याला वैराग्य मानणारा त्यांचा अभंग मी दरवर्षी रूपकाचे उदाहरण म्हणून शिकवतो. या वर्षी फळ्याकडे वळलो की मागच्या बाकांवर हलकी कुजबुज होई, आणि विवेकाचा तो आरसा मला केवळ रूपक वाटेना. त्याच ओघात 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांच्या केशवपनाला दिलेल्या नकाराविषयीही बोललो. ज्यांचे पोट वस्तऱ्यावर, त्यांनी वस्तरा खाली ठेवला. माझ्या साडेतीनशे रुपयांच्या दुःखाशी त्याची तुलनाच होऊ शकत नाही, हे उघड आहे. तरीही 'नाही' हा शब्द उच्चारताना मी किंचित अडखळलो.

केस महिन्याला जेमतेम एक-सव्वा सेंटिमीटर वाढतात. व्रण आता बराचसा झाकला गेला आहे, म्हणजे पुन्हा सलूनला जाणे आले. गेल्या रविवारी मी नाशिकला आबांना फोन केला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर विचारले, "आबा, तुम्ही माझे केस कापायचात, त्या कटला म्हणतात काय?"

ते हसले. "त्याला कसलं नाव आलंय, सर? तुम्ही एवढंच सांगा, मागं मशीन लावू नका, कात्रीनंच करा." मग जरा थांबून म्हणाले, "आणि चष्मा काढायच्या आधी सांगा."