युलिनच्या गल्लीत तिरफळ

चेंगदू शहराच्या युलिन पश्चिम मार्गावर ‘श्याओ जिउग्वान’, म्हणजे सरळ ‘छोटा बार’, या नावाची एक जागा आहे आणि तिच्या दाराशी संध्याकाळी जमणाऱ्यांपैकी पुष्कळांना आत जाऊन पिण्याची मुळीच घाई नसते. पाटीखाली उभे राहून छायाचित्र काढून घेतले की त्यांचे काम होते. झाओ लेई या गायकाचे ‘चेंगदू’ हे गाणे २०१७ मध्ये दूरचित्रवाणीवरील एका संगीत-कार्यक्रमातून चीनभर पोहोचले. त्यात या बारचा उल्लेख येतो, मात्र त्याचा ठिकाणा युलिन मार्गाच्या टोकाशी सांगितला आहे आणि बार तेथे नाही. अर्थात यात्रेकरूने क्षेत्राचा भूगोल तपासून पाहावा अशी अपेक्षा कोणीच करत नाही.

हा बार टांग लेई यांनी १९९७ मध्ये काढला आणि पुढल्याच वर्षी कवयित्री झाय योंगमिंग यांनी याच वस्तीत ‘बाय ये’, म्हणजे ‘शुभ्र रात्र’, हा दुसरा बार उघडला. पहिल्यात शहरातील रॉक संगीत वाढले, दुसऱ्यात कविता वाचल्या गेल्या, आणि ज्यांची चित्रे पुढे हाँगकाँगच्या लिलावांत डोळे फिरावेत अशा किमतींना गेली ते झांग शिआओगांग व झोउ चुनया हे चित्रकार त्या काळच्या याच गोतावळ्यातले होते. वस्तीत पाहण्यासारखे असे काहीच नव्हते; बिनलिफ्टच्या सहा-सात मजली इमारती, तळमजल्यावर न्हावी, भाजीवाले, शेवयांची दुकाने, आणि परवडणारे भाडे. कलावंतांची वस्ती बहुधा अशाच ठिकाणी जमते, कारण रात्री दोन वाजता भूक लागल्यावर चार पावलांवर काहीतरी गरम मिळणे ही कलेची फारशी न नोंदलेली गरज आहे.

याउलट ‘दोंगजिआओ जियी’, म्हणजे ‘पूर्व उपनगराची आठवण’, हे संकुल ठरवून केलेले आहे: सोव्हिएत साहाय्याने १९५० च्या दशकात उभारलेल्या इलेक्ट्रॉन-नळ्यांच्या कारखान्यात ते २०११ मध्ये सुरू झाले, जुनी धुराडी आणि नळ राखून मधे नाट्यगृहे, दालने व कॉफीची दुकाने बसवली गेली. ‘क्वान’ आणि ‘झाय’ या, म्हणजे रुंद आणि अरुंद, अशा नावांच्या छिंगकालीन गल्ल्या २००८ मध्ये दुरुस्त करून पुन्हा खुल्या झाल्या, त्या तर इतक्या स्वच्छ आहेत की तेथे कोणी राहत असेल यावर विश्वास बसत नाही. धुराड्यांसाठी एक दुपार द्यावी. गल्ल्यांना अर्धा तास पुरतो.

जेवणासाठी मात्र चेंगदूची माणसे ज्यांना ‘त्सांगयिंग ग्वान्झ’, म्हणजे ‘माश्यांची खानावळ’, म्हणतात त्या कळकट, चार टेबलांच्या जागा शोधाव्यात. युनेस्कोने २०१० मध्ये या शहराला पाककलेचे शहर म्हणून मान्यता दिली, आशियात पहिल्यांदाच, पण तिचे खरे धनी या खानावळीच आहेत. ‘छ्वानछ्वान’ या प्रकारात बांबूच्या काड्यांना टोचलेले मांस, भाज्या, टोफू गिऱ्हाईक स्वतःच उकळत्या रश्श्यात शिजवते आणि शेवटी रिकाम्या काड्या मोजून बिल होते, त्यामुळे कोणी किती खाल्ले हे लपून राहत नाही.

त्या रश्श्याची चव ‘माला’ म्हणून ओळखली जाते. ‘ला’ हा मिरचीचा तिखटपणा आणि ‘मा’ हा जीभ बधिर करणारा झिणझिणाट, जो ‘हुआजिआओ’ या फळाच्या सालीतून येतो. हे फळ कोकणी माणसाला परके वाटण्याचे कारण नाही, कारण गोव्यात आणि मालवणात बांगड्याच्या कालवणात पडणारे तिरफळ त्याच प्रजातिगटातले, झँथॉक्सिलमचे, आहे आणि ही सारी मंडळी लिंबू, बेल आणि कढीपत्ता यांच्या कुळातली आहेत. दोन्हीकडे खोडाला काटे, दोन्हीकडे काळी बी टाकून द्यायची आणि साल ठेवायची; शिवाय चेंगदू ज्या प्रांतात आहे त्या सिचुआनमध्ये हिरवी, ओली हुआजिआओ माशासाठी विशेष वापरतात, तर कोकणातही तिरफळाचा जीव माशातच, त्यातही बांगडा-तारलीसारख्या तेलकट, उग्र माशात रमतो. मिरची दोन्ही प्रदेशांत अमेरिकेतून आलेली पाहुणी; ही फळे मात्र तिच्या आधीपासूनची. फरक हाताळणीत आहे. कोकणात तिरफळ जरासे ठेचून नारळाच्या वाटणात सोडतात आणि ताटात आले की बाजूला काढतात, तर सिचुआनमध्ये हुआजिआओ तेलात परततात किंवा भाजून, दळून ‘मापो’ टोफूवर शेवटी भुरभुरतात, त्यामुळे तिच्यापासून सुटका नसते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांच्या ओठांना ही साल लावून त्या झिणझिण्यांची तुलना बोटाला दिलेल्या यांत्रिक कंपनांशी करायला लावली, तेव्हा त्यांची वारंवारिता सुमारे ५० हर्ट्झ भरली. भारतातील घरगुती विजेची वारंवारिताही तेवढीच आहे. मुंबईच्या गाड्यांवर मिळणाऱ्या लालभडक ‘शेजवान’ चटणीत लसूण-मिरची भरपूर असते आणि सिचुआनची ही झिणझिणाटाची खूण सहसा नसते. गाडीवाल्यांनी कधी तिरफळाची चिमूट टाकून पाहायला हरकत नाही.

चेंगदूच्या खानावळीत ‘वेई ला’, म्हणजे ‘थोडे तिखट’, एवढेच सांगितल्याने मिरची कमी होते, बधिरपणा तेवढाच राहतो; त्यासाठी ‘शाओ मा’ असे निराळे सांगावे लागते.