चांदी मोजली, माणसं राहिली

उर्दूच्या तासाला ‘लश्कर’ शब्द आला की मी जरा थांबतो. लश्कर म्हणजे फौज. पण याच शब्दाचा युरोपियनांनी ‘लास्कर’ केला आणि आपल्याकडच्या खलाशांना ते नाव दिलं. खलाशांचा मुकादम तो सारंग, त्याच्या हाताखालचा तांडेल. कोकण किनाऱ्यावर ही आजही आडनावं आहेत. त्यामुळे लास्करांचा इतिहास मला परका वाटत नाही.

त्यातली एक गोष्ट ‘एस. एस. गिरसप्पा’ची. आपल्या गिरसप्पाच्या धबधब्याचं नाव असलेली ही ब्रिटिश मालवाहू आगबोट 1919 सालची. डिसेंबर 1940 मध्ये ती कलकत्त्याहून चांदी, बिडाचं लोखंड आणि चहा घेऊन निघाली. आफ्रिकेतल्या फ्रीटाउनहून पुढे ती ताफ्याबरोबर होती. वादळात कोळसा संपत आला, तेव्हा ताफा सोडून एकटीच आयर्लंडच्या गॉलवे बंदराकडे वळली. फेब्रुवारी 1941 मध्ये एका रात्री जर्मन पाणबुडीनं तिला टॉर्पेडोनं बुडवलं.

बोटीवर ऐंशीहून अधिक माणसं होती, त्यात बहुसंख्य हिंदी खलाशी. एका होडीत तीसेक जण चढले. थंडीनं आणि तहानेनं एकेक जण जात राहिला. तेरा दिवसांनी होडी इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याला लागताना लाटांत उलटली. वाचला फक्त एक, सेकंड ऑफिसर रिचर्ड एअर्स.

ही माणसं कोणत्या मोलावर राबत होती? हिंदी खलाशाचा पगार गोऱ्या खलाशाच्या पगाराच्या सुमारे पाव. 1939 मध्ये युद्ध सुरू होताच त्यांनी ब्रिटिश बंदरांत संप केले. काहींना त्यासाठी तुरुंगात जावं लागलं.

2012 आणि 2013 मध्ये एका अमेरिकन कंपनीनं साडेचार किलोमीटरहून खोल समुद्रातून ‘गिरसप्पा’ची चांदी वर काढली. एकूण 2,792 विटा, सुमारे 110 टन. सातशेहून अधिक पत्रंही सापडली. सत्तर वर्षं समुद्राच्या तळाशी राहूनही ती वाचता येत होती. लंडनच्या टपाल संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन भरलं. चांगलंच झालं.

पण कॉर्नवॉलच्या चर्चच्या आवारात याच होडीतले काही जण पुरले आहेत. त्यातल्या हिंदी खलाशांच्या कबरींवर नाव नाही. आत अब्दुल आहे की गोपाळ, दगड सांगत नाही.

दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या सुमारे सहा हजार हिंदी खलाशांची नावं मात्र एका नोंदवहीत आहेत. ही वही चितगावला आहे, तशी मुंबईत मशीद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्येही आहे. म्हणजे आपल्या लोकलच्या एका स्टेशनाच्या अंतरावर. या देशासाठी आणि जगासाठी मुसलमानांनी काय केलं, असं कुणी विचारलं की आपण बादशहांची आणि शायरांची नावं घेतो. बॉयलरपाशी कोळसा ओढणाऱ्याचं नाव घेत नाही. चांदीची एकेक वीट ज्यांना मोजावीशी वाटली त्यांनी ती मोजली. माणसं मोजायचं काम आपलं आहे. आजोबा-पणजोबा बोटीवर होते असं ज्या घरात सांगतात, तिथल्या कुणीतरी ती वही एकदा उघडून पाहावी.