मेसुत ओझिल नेमका कुणाचा?

फुटबॉल बघणाऱ्या मित्रांमध्ये मेसुत ओझिलचं नाव निघालं की हल्ली दोन तट पडतात. एक म्हणतो, जर्मनीने त्याच्यावर अन्याय केला. दुसरा म्हणतो, कसला अन्याय, शेवटी एर्दोगनच्या पक्षात गेलाच ना! मला दोघांचंही अर्धंच पटतं. उरलेलं अर्धं नीट मांडावं म्हणून ही पोस्ट. मोठी आहे, सवडीने वाचा. फुटबॉलमध्ये रस नसला तरी चालेल, कारण मुद्दा नागरिकत्वाचा आहे.

आधी खेळाडू. ओझिल हा जुन्या पद्धतीचा १० नंबर. धावाधाव कमी, नजर जास्त. समोरचा फॉरवर्ड अजून पळायला लागलेला नसायचा आणि याचा पास त्या मोकळ्या जागेकडे निघालेला असायचा. २०११-१२ मध्ये रिआल माद्रिदने १०० गुण मिळवून स्पॅनिश लीग जिंकली, त्या संघाचं मिडफिल्ड याच्या डाव्या पायावर चालायचं. २०१३ मध्ये आर्सेनलने त्याच्यासाठी ४ कोटी २५ लाख पौंड मोजले, तोवरचा क्लबचा विक्रम. २०१५-१६ च्या प्रीमियर लीगमध्ये त्याचे १९ असिस्ट होते. जर्मनीसाठी ९२ सामने, २३ गोल आणि २०१४ चा वर्ल्डकप. जर्मन चाहत्यांनी पाच वेळा त्याला राष्ट्रीय संघातला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडलं. खांदे पाडून चालायची त्याची सवय होती, त्यामुळे संघ हरला की 'हा मनापासून खेळत नाही' हे ठरलेलं. जिंकल्यावर त्याच चालीला लोक 'थंड डोक्याचा' म्हणायचे.

आता माणूस. १९६१ मध्ये पश्चिम जर्मनीने तुर्कीशी कामगार आणण्याचा करार केला. युद्धानंतर कारखाने धडाधड उभे राहत होते आणि हात कमी पडत होते. या कामगारांना जर्मन लोक 'गास्टआर्बायटर' म्हणायचे, म्हणजे पाहुणे कामगार. शब्द गोड आहे, पण पाहुणा म्हटलं की तो कधीतरी परत जाणार हे गृहीत धरलेलं असतं. ओझिलचे आजोबा याच लाटेत तुर्कीतल्या झोंगुलदाक भागातून जर्मनीच्या रूर खोऱ्यात आले. कोळशाचा मुलूख सोडून दुसऱ्या कोळशाच्या मुलखात. १९८८ मध्ये गेल्सेनकिर्शेन शहरात मेसुतचा जन्म झाला. चारी बाजूंनी जाळी असलेल्या एका मैदानात तो खेळायला शिकला. पोरं त्या मैदानाला 'माकडांचा पिंजरा' म्हणायची.

जर्मनीत जन्मला म्हणजे जर्मन झाला, असं तेव्हा नव्हतं. तिथला नागरिकत्वाचा कायदा १९१३ पासून रक्ताच्या नात्यावर चालत होता. परदेशी आईवडिलांच्या मुलांना जन्माने नागरिकत्व द्यायला सुरुवात झाली ती २००० मध्ये, तीही अटी घालून. ओझिलने २००७ मध्ये तुर्की नागरिकत्व सोडलं. तुर्कीच्या संघाकडून खेळायचा पर्याय त्याच्यापुढे होता. त्याने जर्मनी निवडली, आणि त्यासाठी बऱ्याच तुर्कांच्या शिव्या खाल्ल्या.

८ ऑक्टोबर २०१०, बर्लिन. जर्मनी विरुद्ध तुर्की. स्टेडियममधले तुर्की चाहते ओझिलच्या पायाशी चेंडू आला की शिट्ट्या मारत होते. त्याने गोल केला, पण जल्लोष केला नाही. जर्मनी ३-० ने जिंकली. सामन्यानंतर चॅन्सेलर अँगेला मर्केल ड्रेसिंग रूममध्ये गेल्या आणि उघड्या अंगाच्या ओझिलशी हात मिळवतानाचा त्यांचा फोटो देशभर झळकला. नवी, सगळ्यांना सामावून घेणारी जर्मनी ती हीच! त्यानंतर आठच दिवसांनी पोट्सडाममध्ये पक्षाच्या तरुण कार्यकर्त्यांसमोर याच मर्केल म्हणाल्या की बहुसांस्कृतिक समाजाचा प्रयोग साफ फसला आहे. पुढच्याच महिन्यात ओझिलला 'बांबी' हा मोठा जर्मन पुरस्कार मिळाला. कोणत्या विभागात? खेळाच्या नाही, 'एकात्मते'च्या.

मला या गोष्टीत गडबड इथून सुरू झालेली दिसते. गेल्सेनकिर्शेनमध्ये जन्मलेल्या, तिथल्याच शाळेत शिकलेल्या २२ वर्षांच्या पोराला तुम्ही एकात्मतेचं बक्षीस देता, म्हणजे तो अजून बाहेरचाच आहे आणि छान मिसळला म्हणून त्याची पाठ थोपटता. मिरोस्लाव क्लोसे आणि लुकास पोडोल्स्की हे दोघे तर पोलंडमध्ये जन्मलेले. त्यांना कुणी ऊठसूट 'पोलिश-जर्मन' म्हटलं नाही. ओझिल मात्र कायम 'तुर्की-जर्मन' राहिला. हा प्रश्न पुढे त्याने स्वतःच विचारला.

मे २०१८. रशियातला वर्ल्डकप महिन्यावर आलेला. तुर्कीचे अध्यक्ष एर्दोगन लंडनला आले असताना ओझिल आणि इल्काय गुंदोगान त्यांना भेटले, जर्सी भेट दिल्या, फोटो काढले. तुर्कीत निवडणूक तोंडावर होती आणि एर्दोगनच्या पक्षाने ते फोटो लगेच प्रसिद्ध केले. जर्मन लोक चिडले ते उगाच नाही. २०१६ च्या बंडाच्या प्रयत्नानंतर एर्दोगन सरकारने हजारो लोकांना तुरुंगात टाकलं होतं. देनिझ युजेल हा जर्मन पत्रकार वर्षभर तिथल्या कोठडीत राहून त्याच फेब्रुवारीत सुटला होता. अशा नेत्याच्या प्रचाराला आपला चेहरा देणं ही गंभीर गोष्ट होती, आणि त्याबद्दल ओझिलला जाब विचारणं पूर्ण रास्त होतं. 'माझ्या आईवडिलांच्या देशाच्या सर्वोच्च पदाचा मान राखला, त्यात राजकारण नव्हतं' हे त्याचं नंतरचं उत्तर मला आजही लंगडं वाटतं.

पण जाब विचारण्याची भाषा काय होती? जर्मनी मेक्सिकोकडून हरली, दक्षिण कोरियाकडून ०-२ ने हरली आणि गटात तळाला जाऊन घरी परतली. अख्खा संघ वाईट खेळला होता. तरी फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष राइनहार्ड ग्रिंडेल यांनी खुलासा मागितला तो ओझिलकडे. संघ व्यवस्थापक ऑलिव्हर बिअरहॉफ म्हणाले की त्याला न नेण्याचा विचार करायला हवा होता. लोथार मथायस हा जर्मनीचा मानद कर्णधार त्याच वर्ल्डकपच्या वेळी पुतिनना भेटला. त्याच्याकडे महासंघाने असा खुलासा मागितला नाही. तुझं मत चुकीचं आहे, असं म्हणून लोक थांबले नाहीत. तू आमचा नाहीस, इथपर्यंत ते गेले.

२२ जुलै २०१८ ला ओझिलने तीन भागांत निवेदन काढून राष्ट्रीय संघ सोडला. त्याचा सारांश असा, की जिंकलो की मी जर्मन आणि हरलो की स्थलांतरित.

त्याच स्पर्धेत, जर्मनीविरुद्धच्याच सामन्यात स्वीडनच्या जिमी दुर्माझने शेवटच्या मिनिटांत फाउल केला. त्या फ्री किकवर टोनी क्रूसने गोल मारला आणि स्वीडन हरली. दुर्माझचे आईवडील तुर्कीतून आलेले. रात्रीतून त्याच्यावर शिव्यांचा आणि धमक्यांचा पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी सरावाच्या मैदानावर सगळा स्वीडिश संघ त्याच्यामागे उभा राहिला. मी स्वीडिश आहे आणि हा झेंडा माझाही आहे, असं तो कॅमेऱ्यांसमोर म्हणाला, आणि त्याच्या महासंघाने पोलिसांत तक्रार दिली. मला मान्य आहे की दुर्माझने कुठल्या अध्यक्षाबरोबर फोटो काढला नव्हता, त्याच्या बाजूने उभं राहणं सोपं होतं. पण सोपं असलं तरी ते करावं लागतं. आपल्याकडे २०२१ मध्ये पाकिस्तानकडून हरल्यावर मोहम्मद शमीच्या धर्मावरून जे गटारछाप लिहिलं गेलं, त्यावर विराट कोहलीने पत्रकार परिषदेत स्पष्ट शब्दांत सुनावलं होतं. कर्णधार बोलला की फरक पडतो.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे तालमींचा फुटबॉल हा पेठांच्या इज्जतीचा मामला. शाहू स्टेडियमवर पेनल्टी घालवलेल्या पोराला त्याच्याच पेठेतली माणसं काय काय ऐकवतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण 'तू या पेठेतला नाहीसच' असं कुणी म्हणत नाही. शिव्या आपल्या माणसालाच घालायच्या असतात. खेळाबद्दल बोला, वागण्याबद्दल बोला, पण त्याचं घर काढून घेऊ नका, एवढी साधी गोष्ट आहे.

पुढचा भाग लोक विसरतात. डिसेंबर २०१९ मध्ये ओझिलने शिनजियांगमधल्या उइघुर मुसलमानांच्या छळाबद्दल लिहिलं. मशिदी बंद होतायत, माणसं छावण्यांत डांबली जातायत आणि मुस्लिम देश गप्प आहेत, असं. जगातल्या बड्या खेळाडूंपैकी हे बोलायची हिंमत फार थोड्यांनी केली. चीनच्या सरकारी वाहिनीने आर्सेनल-मँचेस्टर सिटी सामन्याचं प्रक्षेपण रद्द केलं. चीनमधल्या फुटबॉल व्हिडिओ गेममधून त्याचं नाव काढून टाकलं गेलं. आर्सेनलने हात झटकले, 'क्लब राजकारणापासून दूर असतो' म्हणून. सहाच महिन्यांनी प्रीमियर लीगमधल्या प्रत्येक संघाच्या पाठीवर 'ब्लॅक लाइव्हज मॅटर' लिहिलेलं होतं. ते योग्यच होतं. पण त्याने चीनची बाजारपेठ जाणार नव्हती, हेही खरं.

मार्च २०२० नंतर ओझिल आर्सेनलकडून एकही सामना खेळला नाही. ऑक्टोबरमध्ये त्याला लीगच्या यादीतूनच वगळलं. कारण निव्वळ फुटबॉलचं आहे, असं मॅनेजर आर्टेटा म्हणाला. कोविडमध्ये पगारकपात नाकारल्याचा वादही होता, आणि आठवड्याला साडेतीन लाख पौंड पगार. त्यामुळे सगळं खापर चीनवर फोडणं बरोबर नाही. पण क्लबांची 'मूल्यं' कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात, हे त्या वर्षात लख्ख दिसलं.

मग ओझिल आपला नायक का? नाही, आणि इथे मी पहिल्या तटापासून वेगळा होतो. २०१९ मध्ये त्याच्या लग्नात एर्दोगन साक्षीदार होते. मार्च २०२३ मध्ये तो निवृत्त झाला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये एका फोटोत त्याच्या छातीवरचा टॅटू दिसला. लांडगा आणि तीन चंद्रकोरी. हे तुर्कीतल्या 'ग्रे वुल्व्ह्ज' या कडव्या राष्ट्रवादी चळवळीचं चिन्ह. कुर्द, आर्मेनियन, अलेवी यांच्याबद्दल या मंडळींचं मत काय आहे ते जगजाहीर आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो एर्दोगनच्या पक्षाच्या केंद्रीय मंडळावर निवडून गेला. उइघुरांसाठी बोललेला माणूस कुर्दांच्या बाबतीत अशा गोटात उभा आहे. जर्मनीत 'तू आमचा नाहीस' हे ज्याने सोसलं, तोच आता तेच वाक्य दुसऱ्यांना ऐकवणाऱ्यांच्या सोबत आहे. सोसलं म्हणून माणूस शहाणा होतोच असं नाही.

दुसरा तट यावर टाळी वाजवतो, बघा, आधीपासून तसाच होता! हे मला पटत नाही. त्याच फोटोत असलेला गुंदोगान जर्मनीच्या संघात थांबला, लोकांशी बोलला, शिट्ट्या ऐकत खेळत राहिला आणि २०२४ च्या युरोमध्ये जर्मनीचा कर्णधार होता. म्हणजे रस्ता होता, आणि ओझिलने निवडलेल्या रस्त्याची जबाबदारी त्याचीच. पण त्याने पुढे काय केलं यावरून २०१८ मध्ये त्याच्याशी झालेलं वर्तन मागे जाऊन बरोबर ठरत नाही. टॅटू २०२३ मध्ये दिसला, 'तू आमचा नाहीस' हे पाच वर्षं आधी बोलून झालं होतं.

जून २०२४ पासून जर्मनीने दुहेरी नागरिकत्वाला सरसकट परवानगी दिली. आज गेल्सेनकिर्शेनमध्ये जन्मणाऱ्या मेसुतला आजोबांचा पासपोर्ट टाकून द्यावा लागणार नाही. कायदा सुधारला, चांगलंच झालं. पण कायदा फक्त कागद देतो. हरलेल्या सामन्यानंतर तो कागद खरा मानायचा की नाही, हे शेजारीपाजारी, पेपरवाले, महासंघाचे अध्यक्ष आणि आपल्यासारखे प्रेक्षक ठरवतात.

गुणी, गोड बोलणाऱ्या, वर्ल्डकप जिंकून देणाऱ्या माणसाला आपलं म्हणायला काहीच लागत नाही. ज्याचं मत आपल्याला चीड आणतं त्याच्याशी कडाकडा भांडायचं, निवडणुकीत त्याला पाडायचं, पण तो इथलाच आहे हे धरून भांडायचं, हे अवघड आहे. ओझिल माझ्या मते राजकारणात चुकीच्या बाजूला आहे. आणि तो गेल्सेनकिर्शेनचा आहे. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत.