सानपाड्याचा सर्व्हिस रोड आणि ढिला गिअर

सानपाडा म्हटले की बहुतेकांना रेल्वे स्टेशनच आठवते. मुंबईहून पनवेलकडे जाणारी हार्बर लाइन आणि ठाणे–वाशी लोकल, दोन्ही इथे थांबतात. बाजूला लोकलगाड्यांची कारशेड आहे. एकीकडे सिडकोने आखलेले सेक्टर, सोसायट्या आणि बागा, तर दुसरीकडे जुने सानपाडा गाव. पण या वस्तीचे आणखी एक रूप आहे. सायन–पनवेल महामार्गाच्या कडेने तुर्भ्याच्या दिशेला चालू लागलात की ते दिसते. ते रूप ट्रकांचे.

लोक ज्याला वाशी मार्केट म्हणतात, ते खरे तर सानपाड्याला लागून तुर्भ्यात आहे. मुंबई शहरातली गर्दी हटावी म्हणून घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने इकडे आले. भाजीपाला आणि फळांचे बाजार 1996 मध्ये आले. तेव्हापासून नाशिक, पुणे, सातारा, सोलापूरकडचा माल रात्री इथे उतरतो. आपल्या घरात सकाळी जी कोथिंबीर येते, ती इथल्याच एखाद्या ट्रकमधून आलेली असते.

जिथे ट्रक तिथे पंक्चरवाला, वेल्डर, इलेक्ट्रिशियन आणि गिअरचा उस्ताद आलाच. या कामांत आपल्या समाजातली पुष्कळ मुले आहेत. कुणी बापाकडून हुनर शिकला, कुणी दहा-बारा वर्षांचा असताना उस्तादाच्या हाताखाली पान्हे पुसत शिकला. त्यांच्या कामाविषयी फारसे लिहिले जात नाही. म्हणून एका संध्याकाळी पाहिलेले काम इथे सांगतो.

नारायणगावचा एक तरुण टोमॅटो उतरवून रिकामे क्रेट घेऊन परत निघाला होता. त्याचा गिअरचा दांडा इतका ढिला झाला होता, की तिसरा टाकायला जावे तर पाचवा लागे. उस्ताद साठीचे होते. त्यांनी पान्हा उचललाच नाही. आधी इंजिन बंद करवले, चाकांना दगड लावले. मग पोराला केबिनमध्ये बसवून दांडा हलवायला सांगितला आणि स्वतः टॉर्च घेऊन खाली शिरले.

“वर हात हलतोय, खाली रॉड उशिरा हलतोय. मधला बुश गेलाय,” ते म्हणाले.

ज्या ट्रकची केबिन इंजिनच्या वर असते, त्यात गिअरचा दांडा थेट गिअरबॉक्समध्ये जात नाही. अनेक गाड्यांत मध्ये रॉड आणि सांधे असतात. सांध्यात बहुधा प्लास्टिकचा किंवा नायलॉनचा छोटा बुश असतो. तो झिजला की सांध्यात पोकळी होते. खाली दोन-तीन मिलिमीटरची पोकळी असली, तरी वर मुठीपाशी दांडा त्याहून कितीतरी जास्त झुलतो.

नवा बुश स्वस्तच असतो, पण त्या गाडीचा बुश जवळच्या दुकानांत दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होता. उस्तादांनी पाण्याच्या रिकाम्या बाटलीतून एक पट्टी कापली. सांधा डिझेलने धुतला, पुसून कोरडा केला, पट्टी पिनेभोवती दोन वेढे गुंडाळून बसवली आणि ग्रीस भरले. जुनी स्प्लिट पिन झिजली होती, ती फेकून नवी घातली. मुठीचे आटे सैल होते, त्यांवर नळजोडणीची पांढरी टेप गुंडाळली. अर्ध्या तासात गिअर जागच्या जागी पडू लागला.

“चाचा, सायकलची ट्यूब नसती चालली का?” मी विचारले.

“साध्या रबराला ग्रीस लागले की ते फुगते. आज घट्ट वाटेल, आठवड्यात चिखल होईल.”

पोरगा पैसे काढू लागला, तेव्हा उस्ताद म्हणाले, “आधी मालकाला फोन लाव.” तो बावरला. गाडी खराब आहे म्हटले तर मालक पुढची फेरी दुसऱ्याला देईल, ही त्याची धास्ती. रोजीचा प्रश्न होता. उस्ताद शांतपणे म्हणाले, “बेटा, गाडी त्याची अमानत आहे. आणि उद्या तू माळशेज उतरणार, तोही माल भरून.”

भरलेली गाडी घाट उतरते ती लहान गिअरवर. इंजिन तिला रोखून धरते, म्हणून ब्रेक तापत नाहीत. ऐन उतारावर गिअर चुकला आणि गाडी न्यूट्रलमध्ये राहिली, तर सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की त्यांची पकड जाते. चढताना गाडी रिकामी होती, तेवढ्यापुरती बाटलीची पट्टी पुरेशी होती. उतरताना ती पुरेशी नव्हती. फोन झाला. मालक दोन शब्द बोलला, पण नारायणगावच्या गॅरेजात सकाळीच बुश मागवून ठेवायचे त्याने कबूल केले. फेरीही त्याच मुलाकडे राहिली.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी टेम्पो, पिकअप किंवा जुनी गाडी असते. तिचा गिअर ढिला वाटला, तर वरची तपासणी घरच्या घरी करता येते. एकाने दांडा हलवावा, दुसऱ्याने सांधे पाहावेत. गाडी मात्र सपाटीवर, इंजिन बंद आणि चाकांना अडण लावलेली हवी. जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. चालता चालता गिअर आपोआप सुटत असेल किंवा आतून खरखर येत असेल, तर दोष बहुधा गिअरबॉक्सच्या आत असतो. तिथे बाटली, टेप, तार काही कामाचे नाही. तशी गाडी थेट मेकॅनिककडेच न्यावी.

आणि मेकॅनिकने “हे तात्पुरते आहे” असे सांगितले, तर त्याचे म्हणणे ऐकावे. काम झाल्यावर चूप राहून पैसे घेणे त्याला सोपे असते. सानपाड्याच्या त्या कडेला बसलेले उस्ताद दिवसातून कितीतरी वेळा हे वाक्य बोलतात आणि त्यापायी पुढचे गिऱ्हाईक दुसऱ्या गॅरेजला जाऊ देतात. त्यांच्या कमाईतली बरकत मला त्यातच दिसते.