दोन स्वल्पविराम

बाबांची बदली बराकपूरला झाली तेव्हा माझ्या इंग्रजीत एक जुनी खोड होती. 'द मॅन हू केम येस्टर्डे, ही इज माय अंकल' असे मी बिनदिक्कत लिहायचो. मराठीत 'जो' आला की मागोमाग 'तो' येतो. इंग्रजीत 'हू' आल्यावर 'ही'ला जागाच नसते. गंमत म्हणजे माझ्या बाकावरचा बंगाली मित्रही हीच चूक करायचा, कारण त्यांच्याकडेही 'जे' आणि 'शे' अशी जोडी आहे. मॅडम दोघांच्या वह्यांत एकाच जागी लाल रेघ मारायच्या. ही खोड दोन महिन्यांत गेली.

दुसरी मात्र मला चूक वाटतच नव्हती. 'आपले गाव' यावर निबंध होता, आणि बराकपूर म्हटले की मंगल पांडे. २९ मार्च १८५७ रोजी ३४व्या बंगाल नेटिव्ह इन्फंट्रीच्या या शिपायाने इथल्या परेड मैदानावर इंग्रज अधिकाऱ्यांवर शस्त्र उचलले. ८ एप्रिलला त्यांना फाशी झाली. त्यांना पकडण्यास नकार देणारे जमादार ईश्वरी प्रसाद २१ एप्रिलला फासावर गेले. मी पुढे लिहिले, 'द सिपॉइज, हू रिफ्यूज्ड टू अरेस्ट हिम, वेअर पनिश्ड.'

मॅडमनी दोन्ही स्वल्पविरामांभोवती गोल काढून समासात लिहिले : 'सगळ्यांनीच?'

मला कळेना. 'ज्या शिपायांनी नकार दिला, त्यांना शिक्षा झाली' असे लिहिताना आपण मध्ये स्वल्पविराम देतोच की! पण मराठीत निवड करायचे काम 'ज्या' आणि 'त्यांना' करतात. इंग्रजीत ते काम स्वल्पविरामाकडे आहे. तो नसेल तर नकार देणारे तेवढेच शिपाई; दोन्ही बाजूंनी असेल तर झाडून सगळे. म्हणजे माझ्या वाक्यात शेख पलटूही आले. त्यांनी तर मंगल पांडेंना धरून ठेवले होते, आणि त्याबद्दल त्यांना हवालदार केले गेले.

मी स्वल्पविराम खोडून वही परत दिली. मॅडम म्हणाल्या, "व्याकरण आता बरोबर, इतिहास चुकला." कारण आता माझे वाक्य सांगत होते की फक्त नकार देणाऱ्यांनाच शिक्षा झाली. प्रत्यक्षात ६ मे रोजी पलटणीच्या बराकपुरातल्या कंपन्याच बरखास्त झाल्या. कोणी नकार दिला आणि कोणी नाही, याची निवड तिथे झाली नाही.

रात्री बाबांना हे सांगितले. जेवता जेवता ते थांबले. "म्हणजे त्या दिवशी जो मैदानावर नव्हता, त्याचाही युनिफॉर्म उतरवला?" एवढेच त्यांनी विचारले.

शेवटी मी त्या वाक्याची तीन वाक्ये केली. शेख पलटूंचे वाक्य वेगळे ठेवले. त्यात 'हू' नाही.